पेवावरचं लोखंडी झाकण

झाकणाला कडी आतून पाहिजे, बाहेरून काहीच नको, असं तो म्हणाला, तेव्हाच मी ग्राइंडर बंद करून त्याला चहा पाजून घरी पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं. माझं असंच आहे. काम समोर आलं की आधी माप विचारतो, डोकं मागून चालवतो.

दिग्रसला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. शटर, ग्रिल, ट्रॉलीचे फाळके, संडासाची दारं, जे येईल ते करतो. दुकान अब्बांचं, आता माझं. आणि तो म्हणजे माझा दोस्त. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. त्याच्या घरी शेती, कापूस आणि तूर. माझ्या घरी लोखंड. ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा त्याच्याकडं जातो, दिवाळीत वहिनींच्या हातच्या करंज्या आमच्याकडं येतात. असं लिहिलं की भाषण केल्यासारखं वाटतं, म्हणून हेही सांगून टाकतो की आम्ही तितकेच भांडतोही. एकदा बैल विकण्यावरून चार महिने बोललो नव्हतो, आणि बैल आमच्या दोघांचाही नव्हता.

त्या उन्हाळ्यात सरहद्दीवर तोफा सुरू झाल्या आणि टीव्हीवाल्यांच्या अंगात आलं. कुठं सायरन, कुठं दिवे बंद करायचा सराव. दिग्रसपासून सरहद्द कुठल्या कुठं! इथं बॉम्ब टाकून कोणाला काय मिळणार, जिनिंगमधला सरकीचा ढीग? मी असं म्हटलं की चहाच्या टपरीवर सगळे हसायचे, तो हसायचा नाही. पोरगा पुण्याला नोकरीला, पोरगी लग्न होऊन वाशीमला, घरात नवरा-बायको दोघंच. हातात दिवसभर मोबाईल. घराखाली खोली कशी बांधायची, पाणी किती साठवायचं, धान्य किती, असले व्हिडिओ तो सकाळी चूळ भरायच्या आधी पाहायचा. पाहता पाहता ते व्हिडिओ बदलत गेले, हे मला उशिरा कळलं. बॉम्ब मागं पडले आणि माणसं आली. कोण कधी कोणाच्या घरात घुसणार, असले व्हिडिओ.

तर तो वहीच्या पानावर चित्र काढून घेऊन आला. गोल झाकण, जाड पत्र्याचं. खाली चौकट. आतून कडी.

"आतून कडी कायले?" मी विचारलं.

"उद्या कोणी बी येऊ शकते. दिवस कसे आहेत, पाहून नाही राह्यला का तू?"

"कोणी म्हणजे कोण बे?"

तो त्या कागदाकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "तुह्याबद्दल नाही बोलून राह्यलो मी."

माझ्याबद्दल आहे असं मी म्हटलंच कुठं होतं? डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली पक्कड कुठं तरी फेकावी. पण फेकली नाही. "माप सांग," एवढंच म्हटलं. त्यानं सांगितलं आणि मी शटरच्या मागं खडूनं लिहून घेतलं. घरी जाऊन मात्र चिडचिड केली, भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवलं. बायको म्हणाली, "करना है तो करो, नहीं करना तो मत करो, मगर मेरे पे मत चिल्लाओ." तिचं बरोबर होतं. मला राग आला नव्हता, मला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलेलं मला नीट दाखवता येत नाही.

नवीन खड्डा खोदायची त्याला गरज नव्हती. त्याच्या मागच्या आंगणात जुनं पेव होतं. आता पेव पाहिलेली माणसं कमी राहिली, म्हणून सांगतो. जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार, वर तोंड एक माणूस उतरेल एवढं, खाली पोट मोठं. काळ्या मातीत पेव टिकत नाही. ती माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, भिंत आत ढकलते. त्याचं घर जुन्या गावठाणात, पांढऱ्या मातीवर, म्हणून त्याच्या आज्यानं खोदलेलं पेव अजून शाबूत होतं. त्याचे वडील त्यात ज्वारी ठेवायचे. आम्ही हायस्कुलात गेलो तोवर पेव बंद पडलं, वर फरशी आली, फरशीवर तुळस.

मी ते पेव उघडताना पाहिलंय. आम्ही दुसरीत असू. त्याच्या वडिलांनी तोंडावरची माती काढली, लाकडं काढली आणि आम्हा दोघांना लांब उभं केलं. एक पूर्ण दिवस पेव नुसतं उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोराला कंदील बांधून खाली सोडला. कंदील अर्ध्यात गेला आणि विझला. वारा नाही, काही नाही, कोणी फुंकर मारावी तसा विझला. आम्ही वाकून पाहायला गेलो तर त्याच्या वडिलांनी आम्हा दोघांनाही कॉलरला धरून मागं ओढलं आणि दोघांनाही सारखीच थप्पड ठेवून दिली. "ज्वारी श्वास घेते लेकहो," ते म्हणाले, "सारी हवा खाऊन बसते. दिवा जगला तर माणूस जगते." मग चादरी खालीवर करून हवा उपसली, पुन्हा कंदील सोडला. तो जळत राहिला तेव्हाच गडी उतरला, तोही कमरेला दोर बांधून. दोराचं टोक वरच्या माणसाच्या हातात. खाली एक, वर एक. एकटा माणूस पेवात कधी उतरत नसे.

ती थप्पड मला अजून आठवते. त्यालाही आठवत असेल असं मी धरून चाललो.

पेव साफ करायला मीही गेलतो. राग होता तरी गेलो. दीड पुरुष खोल. आतून सिमेंटचा हात फिरवला, शिडी मी बसवली, हवेसाठी चार इंची पाईप वर काढला आणि पाणी शिरू नये म्हणून त्याचं तोंड खाली वाकवलं. ते करताना आम्ही हसलो, एकमेकांना शिव्या दिल्या, वहिनींनी ताक आणून दिलं. मला वाटलं, गेलं त्याच्या डोक्यातून. तेवढ्यात तो म्हणाला, "कडीचं ध्यानात आहे ना? बाहेरून काही नको."

झाकण मी तीन दिवस केलं. चांगलं केलं. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून चौकट जमिनीपासून वीतभर वर उचलली. आणि कडी ज्या नळीत शिरते, त्या नळीचं दुसरं टोक मी चौकटीतून बाहेर काढलं. तिथं तीन सुती सळई, म्हणजे करंगळीहून बारीक, जाईल एवढं भोक राहिलं. बाहेरून सळई घालून दाबली की कडी मागं सरकते आणि झाकण उघडते. भोक लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवलं, वरून रंग मारला. माहीत नसलेल्याला दिसलंही नसतं.

हा अब्बांचा कायदा. आमच्या दुकानातून आतल्या कडीचं एकही दार बाहेरून उघडायच्या सोयीशिवाय गेलेलं नाही. माझी बहीण लहान असताना मोरीत अडकली होती, कडी लावली आणि तिला काढता येईना. अब्बांना स्वतःच केलेलं दार छिन्नीनं फोडावं लागलं, तोवर पोरगी रडून रडून निळी पडली होती. तेव्हापासून हा कायदा. प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही ते भोक दाखवून देतो.

त्याला दाखवलं नाही. खरं सांगतो, अर्धी त्याची काळजी होती आणि अर्धा माझा राग. माझ्यापासून लपायला माझ्याकडूनच झाकण करून घेतोस काय, मग घे. असं काहीतरी डोक्यात होतं. आज लिहितानाही कानशिलं गरम होतात.

लढाई तर चार दिवसांतच थांबली होती. त्याचं काही थांबलं नाही. त्यानं पेवात पाण्याच्या कॅन ठेवल्या, घोंगडी ठेवली, बॅटरी ठेवली, आणि ज्वारीचे कट्टे, म्हणजे पोती, भरून ठेवले. पावसाळ्यात पाईपातून विंचू येतो म्हणून त्यानं पाईपाच्या तोंडात चिंध्या कोंबल्या आणि वरून प्लास्टिकची पन्नी बांधली. हे मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. पण तेव्हा आमचं बोलणं कामापुरतं राहिलं होतं. मी टपरीवर आलो की त्याचा मोबाईल उलटा टेबलावर ठेवला जायचा.

पोळा होऊन गेला होता. दुपारची वेळ. अचानक बाजाराकडून शटर पडायचा आवाज येऊ लागला, एकामागं एक. बाजूचा टायरवाला धावत आला, "बंद कर, बंद कर, गावात काहीतरी झालं." काय झालं, कोणाला माहीत नाही. नंतर कळलं की ऑटोवाला आणि मोटरसायकलवाला धडकले आणि त्यांच्यात मारामारी झाली. बस. पण मोबाईलवर तेवढ्यात त्याचं भलतंच झालं होतं. मी शटर अर्धं ओढलं आणि वहिनींचा फोन आला.

"भाऊ, हे खाली गेले. मले म्हणत होते, तू बी चाल. म्या म्हटलं, गॅस बंद करून येतो. आली तं झाकण लागून होतं. हाका मारून राह्यली, आवाजच नाही देत."

"कधीपासून?"

"दहा मिन्टं झाले असतील. पहिले एकडाव कडी वाजली, मंग काहीच नाही."

"खाली काय ठेवलंय त्यानं?"

"ज्वारी," त्या म्हणाल्या. "वास येऊन राह्यलाय, आंबल्यासारखा."

 कंदील डोळ्यांसमोर विझला. मी भिंतीला टेकवलेली तीन सुती सळई उचलली आणि पळत सुटलो.

त्याची गल्ली जुन्या गावठाणात. त्या गल्लीत माझ्या समाजाचं घर नाही. रोज जातो, कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी गल्लीत शिरलो तेव्हा सगळी माणसं ओट्यावर उभी होती, आणि सगळ्यांची नजर माझ्या हातावर गेली. तेव्हा मला कळलं की मी काय धरून पळतोय. गावात काहीतरी झालंय, बाजार बंद होतोय, आणि दाढीवाला माणूस हातभर सळई घेऊन त्यांच्या गल्लीत पळत येतोय. कोणीतरी ओरडलं, "अबे पकडा त्याले!" मागून पायांचा आवाज आला. थांबून समजावून सांगायला वेळ नव्हता. फेकून द्यावी तर कडी कशानं दाबू? घाबरलो होतो. त्याच्यासाठी घाबरलो होतो आणि माझ्यासाठीही, खोटं कशाला बोलू.

मागच्या आंगणात वहिनी झाकणावर मुठी आपटत होत्या. मी गुडघ्यावर बसलो, सळईच्या टोकानं लांबी फोडली, भोकात सळई घातली आणि दाबली. कडी गंजली होती, सरकेना. दुसऱ्यांदा सगळं अंग टाकलं. ठक्क आवाज झाला. झाकण उचललं तर असा उबट, आंबट भपकारा आला की तोंड फिरवावं लागलं. खाली बॅटरी लख्ख जळत होती. त्या उजेडात तो शिडीच्या पायाशी कलंडलेला दिसला, एक हात शिडीच्या पायरीवर. कट्ट्यांतल्या ज्वारीला पांढरे मोड आले होते.

ती बॅटरी पाहून मला रडू आलं. बॅटरी कधी विझते का रे? हवा असो नसो, ती जळतच राहते. वडिलांचा कंदील सोडून हा लेकाचा बॅटरी घेऊन उतरला होता.

वहिनी उतरायला निघाल्या. मी त्यांचा दंड धरून मागं ओढलं. तोवर मागचे चार-पाच जण आंगणात शिरले होते, एकाच्या हातात काठी. मी त्यांच्याकडं पाहून ओरडलो, "दोर! दोर आणा, चादरी आणा! वर माणसं पाहिजेत!" एक क्षण कोणी हललं नाही. मग काठीवाल्यानं खाली वाकून पाहिलं, आणि काठी टाकून गोठ्याकडं पळाला.

दोघांनी चादर खालीवर करून हवा उपसली, खालची हवा हलावी म्हणून वहिनींनी पाण्याच्या बादल्या ओतल्या. कंदील शोधायला वेळ नव्हता. मी दोराचं एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं त्या लोकांच्या हातात दिलं. मला पकडायला आलेल्या लोकांच्याच हातात. श्वास कोंडून उतरलो. त्याच्या काखेतून दुसरा दोर घेताना डोळ्यांपुढं काजवे चमकले, कानात घणघण सुरू झाली. दोर हलवला. त्यांनी ओढलं. आधी त्याला, मग मला. एकानंही दोर सोडला नाही, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्याला खाटेवर टाकलं. ओठ काळेनिळे. पाठ चोळली, वारा घातला. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याच्या छातीतून खरखर आवाज आला आणि त्यानं भडभडून ओकलं. वहिनी मटकन खाली बसल्या. माझा जीव भांड्यात पडला, मी तिथंच चिखलात बसून हसायला लागलो, येड्यासारखा.

त्यानं डोळे उघडले. आधी बायकोकडं पाहिलं, मग झाकणाकडं, मग चौकटीतून अजून बाहेर आलेल्या सळईकडं. ती तो बराच वेळ पाहत राहिला.

"हे बाहेरून उघडते?" त्यानं विचारलं.



"हो," मी म्हटलं.

"तुनं केलतं?"

"हो."

"मले सांगतलं नाही."

  वहिनी त्याच्यावर ओरडल्या, "अवो, जीव वाचवला त्यायनं तुमचा!" तो म्हणाला, "माहीत आहे," आणि डोळे मिटून घेतले. त्याला यवतमाळला दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी घरी आणलं.

पंधरा दिवसांनी तो दुकानात आला. हडकला होता. स्टुलावर बसला, चहा घेतला. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "ते भोक बुजवून दे."

माझं डोकं सटकलं. "ते भोक नसतं तर तू कुठं असता बे? सांग न! कुठं असता?"

"मेलो असतो," तो शांतपणे म्हणाला. "तू काढलं. जिंदगीभर नाही विसरणार. पण भोक तं आहेच ना. त्या दिवशी साऱ्यायनं पाह्यलं. आता साऱ्या गावाले माहीत आहे."

"मंग ते पेवच बुजव."

"ते नाही होत माह्याच्यानं," तो म्हणाला. त्यानं कप खाली ठेवला. "तुले राग येते, मले समजते. पण मले भेव वाटते. कायचं ते बी सांगता येत नाही. रोज वाटते."

मला त्याला मिठी मारता आली असती. मी म्हटलं, "माझ्या हातानं नाही होणार. दुसऱ्याकडून कर." आणि ग्राइंडर सुरू केला. तो उठून गेला तेव्हाही मी वर पाहिलं नाही. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, भोकाचं नाही, राग धरला त्याचंही नाही. या ग्राइंडरचं.

दिवाळीत वहिनींनी मुद्दाम फोन करून बोलावलं. गेलो. तो ओसरीत बसला होता, "ये बावा," म्हणाला, हसला पण. वहिनींनी मला तुळस दाखवायच्या निमित्तानं मागच्या आंगणात नेलं. पेवातली ज्वारी काढून टाकली होती, पाईपातल्या चिंध्याही. झाकणाशेजारी खुंटीला कंदील टांगलेला, नवा, घासलेट भरून. "याच्याबिगर म्या उतरू देत नाही त्यायले," त्या म्हणाल्या. "उतरतात अजून, आठ-पंधरा दिवसाले एकडाव. कडी लावून बसतात. म्या वर बसतो."

मी वाकून चौकट पाहिली. भोक बुजवलेलं होतं. पुसदहून कोणाला तरी बोलावून करून घेतलं होतं. काय ते वेल्डिंग! वरच्या वर मणी सोडलेले, आत लोखंड धरलंच नव्हतं. मी अंगठ्यानं दाबून पाहिलं. एवढ्याशा टिकलीला हातोडीचे दोन घाव बस होते.

त्या दिवशी तिथंच राहिलेली सळई मी गोठ्याच्या वळचणीला खोचली. हातोडी त्यांच्याकडं होतीच. वहिनींना खाली बसवलं आणि बोट ठेवून दाखवलं.

"इथं मारायचं. सरळ नाही, बाजूनं. दोन घाव. मग सळई घालून दाबायची, सगळं अंग टाकून."

त्यांनी बोट ठेवलं. "अठी?"

"हो, तिथंच."

ओसरीतून त्याचा आवाज आला, "काय चाललं बे तुमचं दोघायचं तिकडं?"

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यांनीच उत्तर दिलं.

"काही नाही हो," त्या म्हणाल्या.